उषेचा शेला आणि इष्टकेची ओटी

पूर्वी कृतयुगात, एका मार्गशीर्षातील वद्य पंचमीस, आकाश निरभ्र होते. उत्तरेकडून कोरडा, बोचरा वारा सुटला होता. नद्यांच्या पात्रांवर धुके बसले होते. आणि उदयाचलाच्या पठारावरचे गवत रात्रभर उघड्यावर राहूनही अगदी कोरडे होते. त्या युगात ते तसेच असे.

पठारावर देवगण, गंधर्व आणि सिद्ध मोठे वर्तुळ करून बसले होते. त्या वर्तुळाच्या बाहेरच्या कडेला दृढनाभ नावाचा असुर दोन्ही हात काखेत घालून उभा होता. दृढनाभ हा असुरांचा स्थपती, म्हणजे प्रासाद आणि नगरे रचणारा. वयाने उतरणीला लागलेला, खांद्यांनी वाकलेला. पण त्याचे तळहात अजून शिळेसारखे रुंद आणि खरखरीत होते. तो इथे आला होता एका मुहूर्ताचे देवत्व जिंकायला.

ते देवत्व होते उषादेवीचे. सृष्टी उत्पन्न झाल्यापासून उषा एकदाही माहेरी गेलेली नव्हती. थोरली बहीण रात्रिदेवी हिच्या मांडीवरून निजलेले विश्व रोज उचलून घ्यावे, त्याला हळूच जागे करावे आणि मागून धडधडत येणाऱ्या सूर्यरथासाठी वाट मोकळी करावी, हे तिचे कर्म. त्याला सण नाही, सुतक नाही. तिचा पिता द्यौ अलीकडे फार थकला होता आणि लेकीसाठी निरोपावर निरोप धाडत होता. शेवटी ब्रह्मदेवाने निर्णय दिला, "एका मुहूर्तापुरती उषा माहेरी जाईल. त्या मुहूर्तात तिचा अरुणवर्ण शेला ज्याच्या खांद्यावर असेल, तो उषाच समजला जाईल. त्या अवधीत तो जे करील ते देवांनाही पुसता येणार नाही. मात्र मुहूर्त संपला की सूर्य थांबणार नाही." आणि शेला कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याने रात्रीकडे सोपवला, कारण निजलेले जग शेवटी तिलाच हातचे सोडायचे होते.

हे ऐकून तिन्ही लोकांतून बलवंत आणि तपस्वी लोटले. रात्रीने कसोटी सांगितली, तेव्हा त्यांतले बहुतेक आल्या पावली परतले. मागे राहिले तिघे: मध्यदेशाचा राजा प्रसेनकेतू, वृद्ध महर्षी वैतान, आणि दृढनाभ.

दृढनाभाला तो शेला कशासाठी हवा होता, ते सांगायचे तर त्याच्या घराची गोष्ट सांगावी लागते.

पश्चिम समुद्राच्या अलीकडे, एका टेकडीच्या उतारावर त्याने स्वतःसाठी घर बांधले होते. त्याने आयुष्यात रचलेल्या सगळ्या वास्तूंत ते लहान होते आणि सगळ्यांत निर्दोष होते. वास्तुपुरुष प्रसन्न होऊन उंबरठ्याच्या शिळेत उतरला आणि म्हणाला, "वर माग." स्थपतीला आपल्या कामाचा गर्व होता. तो म्हणाला, "या घरात उच्चारलेला शब्द खोटा पडू नये." उंबरठा म्हणाला, "तथास्तु."

दृढनाभाची पत्नी बाळंतपणातच गेली होती. मागे राहिलेल्या मुलीचे नाव त्याने इष्टका ठेवले, म्हणजे वीट. स्थपतीला यापेक्षा लाडके नाव सुचले नाही. वर मिळाला तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली होती, "धन्य आहे तुमची, तात! आता या घरात आमटी करपली असं थट्टेनं म्हणायचीसुद्धा चोरी."

पुढे ती समुद्रपुत्र ऊर्मिकेशाला दिली. वर्षभराने ती माहेरपणाला आली, तेव्हा दृढनाभ असुरराजाच्या सभामंडपाची आखणी करण्यात बुडाला होता. अंगणातच त्याने मंडपाचा एक नमुन्याचा कोपरा उभारला होता. ती आली, राहिली, आणि निघायचा दिवस उगवला तरी त्याची नजर त्या कोपऱ्याशी भिंतीचा सरळपणा जोखत लोंबणाऱ्या ओळंब्यावरून हलली नव्हती. पदर पुढे धरून ती उंबरठ्यात उभी राहिली. ओटी भरायला घरात कोणी बाईमाणूस नव्हते. बराच वेळ वाट पाहून तिने रिकामा पदर खोचून घेतला.

"मी जाते, तात."

त्या काळी सगळीकडे निघताना असेच म्हणत, आणि इतर घरांत त्याने काही बिघडत नसे. दृढनाभाने वर न पाहताच उत्तर दिले, "हं. जा."

उंबरठा म्हणाला, "तथास्तु."

इष्टकेचे पाऊल बाहेर पडले आणि तिचे धुके झाले. ते धुके जात राहिले. समुद्रतीरी ऊर्मिकेश वाट पाहत राहिला; तिथे ती पोहोचली नाही. इकडे घरी परतली नाही. रोज पहाटे, उषेचा उजेड पडला की अंगणाच्या कडेने एक पांढुरकी आकृती जाताना दिसे, पाठमोरी, पदर खोचलेली. दृढनाभ हाका मारीत धावे. मग सूर्य वर येई आणि अंगण रिकामे होई. त्याने वास्तुपुरुषाचे पाय धरले, तेव्हा वास्तुपुरुष म्हणाला, "स्थपती, खालच्या थरातली वीट काढता येत नाही, हे मी तुला सांगावे का?"

धुक्याला रूप देणे एकट्या उषेला साधते. म्हणून दृढनाभाने मनाशी बेत आखला होता. शेला मिळताच थेट पश्चिमेला धाव घ्यायची आणि आपल्या अंगणाभोवती प्रकाशाचा तट उभारायचा, देवांनाही न पुसता येणारा. मग ती जाऊ म्हणाली तरी जाऊ शकणार नव्हती.

तर त्या पहाटे उदयाचलावर रात्रिदेवी आपली नीलवर्ण वस्त्रे पसरून बसली होती. सगळ्या चराचराची निद्रा तिने एका बालकाच्या रूपात मांडीवर घेतली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "कसोटी ठाऊकच आहे. हे माझ्या मांडीवरून तुमच्या मांडीवर घ्यायचं, जाग न येऊ देता. मग जागं करायचं, न रडवता. उषा रोज हेच करते."

प्रथम राजा प्रसेनकेतू पुढे झाला. आपल्या ध्वजावर पहाट फुटावी आणि शत्रूंच्या सेना तेवढा वेळ अंधारात चाचपडाव्यात, अशी त्याची इच्छा होती. त्याने मोठ्या अदबीने गुडघे टेकले आणि बाहू पुढे केले. त्या बाहूंवर सोन्याची केयूरे होती, आणि वारा उत्तरेचा होता. थंडगार सोन्याला गाल लागताच बाळाने असा टाहो फोडला की दिग्गजांनी कान हलवले.

"बाहुभूषणं उतरवून यायचं होतं, राजा," बाळाला थोपटत रात्र म्हणाली.

"देवी, ही मी शय्येवरही उतरवत नाही!"

"मग तुझ्या राण्यांचं कौतुक केलं पाहिजे."

सगळे देवगण हसले. राजाही क्षणभर रागावून मग हसला, आणि मुकाट्याने जाऊन बसला.

बाळ पुन्हा निजल्यावर महर्षी वैतान आले. निद्रा जिथे संपते आणि जाग जिथे सुरू होते तो संधिक्षण कसा असतो, एवढे जाणण्यासाठी त्यांनी सारे तप केले होते. श्वास आवरून, जीर्ण वल्कलाची घडी मांडीवर नीट करून त्यांनी बाळ घेतले. ते जरासुद्धा हलले नाही. सभेत वाहवा झाली.

"आता जागं करा, महर्षी."

ऋषी बाळाच्या मुखाकडे पाहत राहिले. त्याचे ओठ झोपेतच काहीतरी चोखत होते.

"देवी," ते शेवटी म्हणाले, "ज्या क्षणासाठी मी आयुष्य वेचले तो माझ्या मांडीवर आहे. पण इतक्या गाढ झोपलेल्याला मी उठवू कसा? मला नाही जमायचे हे."

"तुम्ही हरलात, महर्षी."

"हरलो खरा. जरा वेळ घेऊन बसू का मात्र?"

रात्रीने त्यांना जरा वेळ बसू दिले. नंतर दृढनाभाला पुढे बोलावले, तसा एक गंधर्व शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कुजबुजला, "हे पंजे पर्वत उपटायचे! यांत बाळ म्हणजे उखळात फूल."

दृढनाभाचे हात अजून काखेतच होते. रात्रीने विचारले, "हे काय? देवसभेत हात लपवून उभा राहतोस?"

"गार आहेत, देवी. गार हातांनी मूल उचलू नये."

"तू कुणाचं उचललं आहेस?"

"एक मुलगी होती मला." तो थांबला. "आहे."

रात्रीने आपली वस्त्रे सावरून त्याला जागा करून दिली. दृढनाभ तिच्या शेजारी बसला. त्याने लगेच बाळ उचलले नाही. आपला दंड बाळाच्या पाठीशी टेकवून तसाच राहिला, दोन्ही अंगांची ऊब एक होईपर्यंत. मग मानेखाली एक पंजा सरकला, कमरेखाली दुसरा, आणि बाळ कधी या मांडीवरून त्या मांडीवर आले ते पाहणाऱ्यांनाही कळले नाही.

"जागं कर आता."

इथे दृढनाभ अडला. जाग म्हणजे पहाट, आणि पहाट म्हणजे ती पाठमोरी आकृती. त्याचा हात बाळाच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून आडवा धरलेला होता, तो निघेना. पूर्वेकडे सूर्याचे घोडे खूर आपटताना ऐकू येऊ लागले. उषा वर्तुळाच्या कडेशी माहेरच्या दिशेला तोंड करून उभी होती. ती फक्त शेल्याचा काठ बोटांना गुंडाळत राहिली.

दृढनाभाने ते पाहिले. त्याने हात बाजूला केला आणि इष्टकेला लहानपणी उठवत असे तसाच आपला खरखरीत अंगठा बाळाच्या भुवईवरून हळूहळू फिरवला, नाकाकडून कानाकडे, पुन्हा नाकाकडून कानाकडे. बाळाने डोळे उघडले. त्या प्रचंड मुखाकडे जरा वेळ विचारात पडल्यासारखे पाहिले, आणि मग त्याच्या मिशीचा झुबका मुठीत धरला.

"सोड रे," दृढनाभ नकळत म्हणाला, आणि सगळ्या पठारावर हशा उसळला.

रात्र म्हणाली, "शेला याचा."

उषेने आपला अरुणवर्ण शेला त्याच्या खांद्यांवर घातला, आणि ती निघणार तोच रात्र म्हणाली, "अशी रिकामी कुठे चाललीस? ये इकडे." तिने ओंजळ भरून नक्षत्रे घेतली आणि अक्षतांसारखी उषेच्या पदरात घातली. उषेने रीतीप्रमाणे त्यांतली चिमूटभर काढून माघारी दिली, कारण मुलीने घर रिकामे करून निघू नये. मग बहिणीच्या गळ्यात हात टाकून ती म्हणाली, "येते हं, ताई."

दृढनाभाने हे कधी ऐकले नव्हते. "देवी," तो म्हणाला, "तुम्ही जात आहात, आणि म्हणता येते?"

"निघताना ताईचा चेहरा बघवत नाही मला," उषा म्हणाली. "म्हणून परत यायचं आधीच सांगून टाकते." आणि ती द्युलोकाकडे दिसेनाशी झाली.

रात्रीने माघारी आलेली ती चिमूटभर नक्षत्रे दृढनाभाच्या हातात दिली. "ही घरात ठेवायची असतात. या मुहूर्तापुरतं तिचं घर तू आहेस. जा, जग वाट बघतंय."

दृढनाभाने ती शेल्याच्या टोकाला गाठीत बांधली आणि तो निघाला. थेट पश्चिमेला धाव घ्यायची हा बेत त्याच्या मनात होताच, पण पायाखाली पहिलेच अरण्य आले आणि घरट्यातली पिले निजलेली दिसली. ती उठली नसती तर सूर्याच्या पहिल्या किरणाने त्यांचे मिटलेले डोळे भाजले असते. त्याने अंगठा फिरवला. मग पुढचे झाड. मग गोठे, त्यांत पान्हावलेल्या गाई; मग सरोवरे, त्यांत मिटलेली कमळे; मग आश्रम, ज्यांच्या अग्निकुंडांवर राख धरली होती; मग रानातल्या हरिणी, ज्यांना फार सांभाळून उठवावे लागते, कारण त्या दचकतात. एकेकाला तो जागे करीत गेला, आणि जागे होणाऱ्या प्रत्येकाने त्याच्याकडे असे पाहिले की पुढच्याला टाळून जाणे त्याला जमेना. मागे घोड्यांच्या खुरांचा आवाज वाढत होता. पश्चिमेची टेकडी दिसली तेव्हा मुहूर्त बहुतेक सरला होता.

अंगणाच्या कडेने धुके चालले होते.

शेल्याचा उजेड पडताच त्याला रूप आले: तीच पाठ, तीच वेणी, तोच खोचलेला पदर. दृढनाभाने वेळ न घालवता दोन्ही हात पसरले आणि अंगणाच्या सीमेवर प्रकाशाचा पहिला थर रचला, सरळ, निर्दोष, एका रेषेत. दुसरा थर तो रचणार तोच ती आकृती त्या तटाशी येऊन अडली आणि न वळताच बोलली.

"तात, आजही भिंतच का?"

दृढनाभाचे हात जागच्या जागी राहिले.

"आज ओळंबा दिसत नाही तो तुमचा," ती म्हणाली. आवाज धुक्यातून यावा तसा ओलसर होता. "विसरलात?"

"टाकून दिला, बाळ. केव्हाच."

"मग भिंत वाकडी येईल."

"येऊ दे." त्याने तटाला हात लावून पाहिला. देवांनाही न पुसता येणारा. पण मुहूर्त अजून संपला नव्हता आणि शेला त्याच्याच खांद्यावर होता. रचलेला थर त्याने स्वतःच्या हाताने उतरवला. वाट मोकळी झाली. "इष्टे, मी तुला अडवत नाही. एकदा तोंड फिरव फक्त. तुझी ओटी भरायची राहिली आहे."

ती वळली. तिचा चेहरा तसाच होता, निघाली त्या दिवशीचा.

"तुम्ही भरणार?" तिच्या ओठांत जुने हसू आले. "ओटी सुवासिनीनं भरायची असते, तात. तुम्हाला मिशा आहेत."

"सूर्य येईपर्यंत मी उषा आहे," दृढनाभ म्हणाला, "आणि उषा सुवासिनी आहे. ब्रह्मदेवाने तसे सभेत सांगितले आहे. मिशांचे कोणी काही बोलले नाही. पदर पुढे कर."

तिने खोचलेला पदर सोडला आणि पुढे धरला. दृढनाभाने शेल्याची गाठ सोडून नक्षत्रे त्यात घातली. घाईत काही बाहेर सांडली. ती तिने वाकून वेचली. मग रीतीप्रमाणे चिमूटभर काढून तिने अंगणातल्या दूर्वांवर ठेवली. ती दूर्वांच्या टोकांशी चमकत राहिली.

पूर्वेकडे क्षितिज पेटले. रथाचे चाक दिसू लागले.

"आता निघायला हवं," ती म्हणाली. "ते तिकडे समुद्रावर वाट बघत असतील. फार दिवस झाले."

"हो. नीघ." मग तो घाईघाईने म्हणाला, "थांब, असे नको. मी आज एक ऐकून आलो आहे. इथे उंबरठ्यात ये आणि निघताना म्हण, येते."

"जाताना येते म्हणू?"

"म्हण. या वेळी मी वर बघूनच ऐकतो आहे."

इष्टका उंबरठ्याच्या शिळेवर उभी राहिली. तिने वडिलांच्या रुंद तळहातावर आपला हात ठेवला. तो थंड आणि ओला लागला.

"येते, तात."

"ये, बाळ."

उंबरठ्यात वास्तुपुरुष म्हणाला, "तथास्तु."

जाते हा पहिला शब्द खालच्या विटेसारखा तळाशी होता, येते हा त्यावर बसला. दोन्ही खरे झाले. सूर्याचा पहिला किरण अंगणात आला. इष्टका हलकी होत होत उंबरठ्यावरून उठली आणि पदर सांभाळीत पश्चिमेकडे गेली. त्या दिवशी समुद्रतीरी ऊर्मिकेशाच्या दारात ती पोहोचली.

उषा माहेराहून परतली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती. दृढनाभाने शेला घडी करून तिच्या हातात दिला.

तेव्हापासून इष्टका दिवसभर सासरी समुद्रात असते आणि पहाटे माहेरी येते. ती येते ते दवाच्या रूपाने. आपल्या घराचे अंगण कोणते हे धुक्यातून दिसत नाही म्हणून सगळ्यांच्याच अंगणांत उतरते, ओटीतली नक्षत्रे गवताच्या टोकांवर ठेवते आणि ऊन चढले की निघते. तेव्हापासून माणसेही घराबाहेर पडताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य षष्ठीस, आकाश निरभ्र होते, वारा पडला होता, आणि दृढनाभाच्या अंगणातल्या दूर्वा ओल्या होत्या.